जुन्या फोटोला दोन तारखा असतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर उतरवायला काढलंत तेव्हा माळ्यावर एक सागवानी पेटी निघाली. तिच्यात जाड पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो आहे. खुर्चीत बसलेले, पागोटं घातलेले गृहस्थ म्हणजे तुमच्या पणजोबांचे वडील, असं घरात सांगतात. शिवाय काचेच्या काही प्लेटा, एक पितळी भिंग आणि बूच लावलेल्या दोन बाटल्या. त्याच गृहस्थांचा मोठा फोटो सोप्यात फ्रेम करून लावलेला आहे. घरातली आठवण अशी की फोटो १८६० चा, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या दरबारात असताना काढलेला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मात्र मुलगा १८८२ ला त्यांच्या अस्थी घेऊन आल्याची नोंद आहे. तुम्हाला विचारायचंय की फोटो खरंच १८६० चा का, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, स्टुडिओ कुठला, आणि तो साफ कसा करायचा.

जुने फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह जपणं, त्यांच्यावरून नव्याने प्रिंट काढणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे आधी तातडीचं सांगतो. त्या बाटल्या उघडू नका, वास घेऊ नका, मोरीत ओतू नका. त्या काळी फोटो पक्का करायला हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) जोडीने पोटॅशियम सायनाइडही सर्रास वापरत. निगेटिव्ह दाट करायला पाऱ्याचा क्षार वापरत, तोही विषारीच. बाटल्यांत नुसतं वॉर्निशही असू शकेल, पण लेबल नसेल तर विषच आहे असं धरून चाला. पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी उभ्या ठेवा. एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विचारून त्यांच्याच सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावा.

आता मूळ मुद्दा. ‘फोटो कधीचा?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. माणूस कॅमेऱ्यापुढे कधी बसला, हा एक. तुमच्या हातातला कागद कधी छापला, हा दुसरा. या दोन तारखांत चार दिवसांचं अंतर असू शकतं, तसंच चाळीस वर्षांचंही. घरोघरी जे ‘सर्वांत जुने फोटो’ म्हणून जपलेले असतात, त्यांतले पुष्कळसे आधीच्या फोटोवरून नंतर काढलेल्या नकला असतात. फोटो विरायला लागला की लोक स्टुडिओत जाऊन त्याचा फोटो काढून घेत, भावाभावांत वाटणी झाली की प्रत्येकाला एक प्रत हवी असे. म्हणून मी कॅमेऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी कागद वाचतो, मग पुठ्ठा, मग चित्र, आणि घरची आठवण त्यांच्याशी ताडून बघतो. तुमची वस्तू मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मोबाइलवरच्या एका फोटोवरून छातीठोक तारीख सांगणं योग्य नाही. पण तुम्ही दिलेल्या तपशिलांवरून बरंच पुढे जाता येतं.

घरच्या आठवणीतच एक गाठ आहे. राजाराम महाराज गादीवर आले १८६६ ला आणि युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले ३० नोव्हेंबर १८७० ला. म्हणजे ‘१८६०’ आणि ‘राजाराम महाराजांचा दरबार’ या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. आकडे तोंडातोंडी बदलतात, माणसाचं नाव सहसा टिकतं. त्यामुळे दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी दरबाराची आठवण धरीन आणि काळ १८६६ ते १८७० असा घेईन. हा पुरावा नव्हे, पण इथून तपासणी सुरू करता येते.

पुठ्ठ्याचं माप तुम्ही साडेसहा बाय सव्वाचार इंच दिलंय. याला कॅबिनेट कार्ड म्हणत. ते इंग्लंडमध्ये १८६६ ला सुरू झालं. त्याआधी चलती होती कार्त द विझितची, म्हणजे साधारण चार बाय अडीच इंचाच्या छोट्या कार्डाची. त्याचं पेटंट पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ ला घेतलं होतं. साठच्या दशकात राजेरजवाड्यांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांनी आल्बममध्ये खोचली ती ही छोटी कार्डं. कॅबिनेटने जम बसवला सत्तरीत आणि ऐंशीत. पुठ्ठ्याची कडाही बघा. सुरुवातीची कार्डं पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांची, पुढे कोपरे गोल झाले, मग पुठ्ठा जाड आणि कडा तिरकी कापून सोनेरी केलेली. तुमच्या कार्डाला गोल कोपरे आणि सोनेरी कड आहे. असं कार्ड राजाराम महाराजांच्या हयातीतलं असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. १८८० च्या आगेमागे किंवा त्यानंतरचं ते शोभतं.

इथे घरची आठवण खोटी ठरली असं समजू नका. १८६८ ला काढलेल्या छोट्या कार्डावरून १८८५ ला कॅबिनेट आकाराची नक्कल काढली असेल, तर आजोबांनी सांगितलेलंही खरं आणि पुठ्ठा सांगतो तेही खरं. नक्कल आहे की नाही, हे ओळखता येतं.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. सकाळी खिडकीशी बसा, फोटो पाटावर आडवा ठेवा आणि उजेड बाजूने, अगदी तिरका पडू द्या. फोटोला चिरा, ओरखडे, कसरीने खाल्लेल्या जागा दिसतील. आता एकच चीर धरा आणि तिच्यावर नजर लावून फोटो थोडा थोडा फिरवा. खरी चीर उजेडाची दिशा बदलली की बदलते. तिच्या कडेला सावली पडते, पृष्ठभाग तिथे तुटलेला दिसतो. पण काही वेळा चीर स्पष्ट दिसत असते आणि कागद मात्र तिथे सपाट, अखंड असतो. ती चीर चित्रातली आहे. म्हणजे कोणीतरी चिरलेल्या फोटोचा फोटो काढलाय. याहून पक्की खूण मला माहीत नाही. चारही कडांनाही नजर फिरवा. कडेला मूळ कार्डाची रेघ, टाचणीचं टोक किंवा चित्राच्या आत आलेली दुसरी चौकट सापडली तरी अर्थ तोच. नकलेत चेहऱ्यावरचे मऊ करडे टप्पेही जातात. गाल एकदम पांढरे आणि डोळ्यांच्या खोबणी एकदम काळ्या होतात.

त्याच भिंगाने कागदाची जातही कळते. एकोणिसाव्या शतकातला बहुतेक फोटो अल्ब्युमिन कागदावर असे. अंड्यातला पांढरा बलक आणि मीठ लावलेला पातळ कागद चांदीच्या क्षारात भिजवायचा, वाळवायचा, निगेटिव्हला टेकवून उन्हात ठेवायचा. चित्र उन्हानेच उमटत जाई. मग सोन्याच्या क्षारात बुडवून रंग सुधारायचा, हायपोत पक्का करायचा. ब्लांकार एव्रारने ही पद्धत १८५० ला आणली आणि १८९० च्या दशकापर्यंत तीच चालली. कागद इतका पातळ की पुठ्ठ्यावर न डकवता तो गुंडाळलाच जाई, पुठ्ठा म्हणूनच आला. भिंगाखाली अल्ब्युमिनमधून कागदाचे तंतू दिसतात, पांढरे भाग पिवळसर झालेले असतात, चकाकी हलकी असते. नंतरच्या जिलेटिन कागदावर तंतू दिसत नाहीत, कारण मध्ये बराइटचा, म्हणजे बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो. आणि काळ्या भागांवर बाजूने पाहिलं की निळसर, आरशासारखी चमक येते. तुमच्या मोबाइल फोटोत पागोट्याच्या सावलीत तसली चमक असल्याचा मला भास होतोय. पण ती वरच्या ट्यूबलाइटचीही असेल, म्हणून खिडकीशी बसून तुम्हीच ठरवा.

आता कॅमेरा. ‘कुठल्या कॅमेऱ्याने’ हे फोटोवरून जवळजवळ कधीच सांगता येत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या काळचा स्टुडिओ कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, भात्यासारखा घड्यांचा कातडी बेलोज, मागे धुरकट काच, पुढे भिंग. शटरसुद्धा नसे. भिंगाचं टोपण काढायचं, मनात सेकंद मोजायचे, परत लावायचं. उष्ण देशांसाठी सागवानाचे, सांध्यांना पितळी पट्ट्या मारलेले कॅमेरे खास बनवत, कारण आपल्या हवेत सरस सुटतो. पण त्या पेटीचा चित्रावर ठसा उमटत नाही. ठसा उमटतो भिंगाचा आणि त्याहून जास्त प्लेटच्या रसायनाचा. म्हणून प्रश्न असा विचारा की प्लेट ओली होती की कोरडी.

ओल्या प्लेटची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ ला जाहीर केली. कोलोडियन, म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस), त्यात आयोडाइडचे क्षार. घासून लख्ख केलेली काच एका कोपऱ्याला चिमटीत धरायची, मध्यावर कोलोडियन ओतायचं, काच कलती करत एकेका कोपऱ्यापर्यंत वाहू द्यायचं, उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत. थर चिकटसर झाला की अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. तिथून पुढे घाई. साधारण दहा मिनिटांत फोटो काढून, डेव्हलप करून मोकळं व्हायचं, कारण थर वाळला की प्लेट कामातून गेली. ईथर किती झपाट्याने उडतं हे माहीत असलेल्यांना सांगायला नको, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हटल्यावर ती दहा मिनिटंसुद्धा हातात नसत. म्हणजे बाहेरगावी फोटो काढायचा तर फोटोग्राफरला अंधारी खोली तंबूच्या रूपात बरोबर न्यावी लागे. शिवाय काचा, बाटल्या आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला. त्याआधी हे सगळं बैलगाडीने, खाचखळग्यांतून यायचं. तुमचे पूर्वज १८६८ ला फोटोला बसले असतील तर त्यामागे एवढा खटाटोप होता. तो त्या चेहऱ्याइतकाच जपण्यासारखा आहे असं मला मनापासून वाटतं.

फोटोग्राफी या भागात त्याहून आधी पोचलीच नव्हती असं मात्र नाही. मुंबई सरकारने १८५५ ला कॅप्टन थॉमस बिग्सला विजापूर, बदामी, ऐहोळेच्या इमारतींचे फोटो काढायला नेमलं होतं. मुंबईत १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. १८५५ ला एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि त्यातून शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे १८६० ला मराठी माणसाचा फोटो मराठी माणसाने काढणं अशक्य नव्हतं. पण मुंबईत. त्यामुळे कार्डाच्या मागे मुंबई किंवा पुण्याचा पत्ता निघाला तर नवल वाटून घेऊ नका. दरबाराच्या कामाने किंवा यात्रेला गेलेला माणूस वाटेत फोटो काढून येई.

चित्रात काय बघायचं ते सांगतो. गृहस्थांच्या पायांमागे, खुर्चीच्या आडून लोखंडी तिवईसारखं काही डोकावतंय का? तो मान धरायचा दांडा. काही सेकंद डोकं हलू नये म्हणून मागून चिमट्यासारखा टेकू लावत. धोतराच्या निऱ्या खाली जमिनीपर्यंत असल्या तर तो झाकला जाई, नाहीतर हमखास दिसतो. उजेड एका बाजूने, वरून, मऊ येतोय का? स्टुडिओला उत्तरेकडून काच ठेवत आणि पांढऱ्या-निळ्या पडद्यांनी उजेड कमीजास्त करत. मागचा पडदा रंगवलेला आहे का, त्यात खांब, कठडा, झाडी आहे का? पडद्यावरचं चित्र, गालिच्याची नक्षी, खुर्चीच्या हातांचं कोरीवकाम नीट टिपून ठेवा. तीच खुर्ची, तोच पडदा नाव छापलेल्या दुसऱ्या कार्डावर सापडला की स्टुडिओ ओळखता येतो. निनावी फोटोंची नावं मी बहुतेक वेळा अशीच लावलीत. रंगवलेल्या पडद्यांचं कसब कोल्हापुरात पुढे किती उंच गेलं हे सांगायला नकोच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत, आणि १९१८ ला बाबूरावांनी सिनेमाचा कॅमेराही इथेच तयार केला. पण ती पुढच्या पिढीची गोष्ट.

रंगाबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही लिहिलंय की फोटोत ते फार सावळे आणि पागोटं काळं दिसतं, पण घरात तर म्हणतात पागोटं लाल होतं. दोन्ही बरोबर. ओल्या प्लेटला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील उजेड दिसतो. लाल आणि केशरी तिच्या लेखी अंधार. त्यामुळे लाल पागोटं काळं येतं, कपाळावरचं गंध काळं येतं, सोनंसुद्धा मातकट येतं. म्हणूनच कोल्हापुरी साज किंवा ठुशी घातलेल्या बायकांच्या फोटोत दागिन्यांवर नंतर ब्रशने सोनेरी रंग लावलेला सापडतो. उलट गडद निळी बंडी पांढुरकी दिसते. गव्हाळ कातडीही प्रत्यक्षापेक्षा काळी येते. पूर्वज दिसायला कसे होते याचा अंदाज अशा फोटोच्या काळ्या-पांढऱ्यावरून बांधू नका. रंगांना जास्त न्याय देणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा ऐंशीच्या दशकात आल्या, आणि लाल रंग नीट पकडणाऱ्या प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं. तुमच्या चित्रात लाल पागोटं काळं असणं याचा एवढाच अर्थ की मूळ फोटो विसाव्या शतकातल्या सुधारलेल्या प्लेटवरचा नाही. १८६८ आणि १८८१ यांत निवड करायला त्याचा उपयोग नाही.

आता पेटीतल्या काचा. मला तुमच्या सगळ्या ऐवजात याच सर्वांत मोलाच्या वाटतात. एक काच कडेने धरून काळ्या कापडावर ठेवा, चित्राची बाजू वर. चित्र निगेटिव्हऐवजी नेहमीसारखं, सुलटं दिसायला लागलं, थराचा रंग दुधाळ-तपकिरी असला, कडा हाताने कापलेल्या, एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा कोरी राहिलेली आणि थर वाहिल्याच्या लाटा असल्या, तर ती ओल्या कोलोडियनची प्लेट. थर कडेपर्यंत एकसारखा, रंग थंड काळा, कडांवर आरशासारखी चमक असली तर ती कारखान्यातून आलेली कोरडी जिलेटिन प्लेट. जिलेटिनची कल्पना मॅडॉक्सने १८७१ ला मांडली, चार्ल्स बेनेटने १८७८ ला तिचा वेग वाढवला आणि १८८० च्या सुमारास ती बाजारात सर्रास मिळू लागली. इथे ती नाशिकची नोंद कामाला येते. गृहस्थ १८८२ ला किंवा त्याआधी गेलेले. म्हणजे त्यांचाच चेहरा कोरड्या प्लेटवर सापडला, तर ती नकलेसाठी काढलेली निगेटिव्ह असण्याची शक्यता पुष्कळ. आयुष्याच्या अगदी शेवटी कोरड्या प्लेटवर प्रत्यक्ष फोटो काढला गेला असणंही शक्य आहे. ते ठरवायला चिरांची परीक्षा काचेवरही करा.

आणखी एक सोपी परीक्षा आहे, फूटपट्टीची. अल्ब्युमिन प्रिंट निगेटिव्हला टेकवून काढत, म्हणून प्रिंटमधलं चित्र आणि काचेवरचं चित्र अगदी सारख्या मापाचं असतं. फोटोत दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजा, मग काचेवर मोजा. पट्टी काचेला टेकवू नका, वर धरून मोजा. माप तंतोतंत जुळलं तर तुमचं कार्ड त्याच काचेवरून छापलेलं असू शकतं. न जुळलं तर मध्ये आणखी एखादी पायरी झालेली आहे. कागद नंतर किंचित ताणला जातो, त्यामुळे केसभर फरक सोडून द्या. एक सावधगिरी: प्लेटा ज्या खोक्यात आहेत त्या खोक्यावरच्या छापावरून तारीख लावू नका. रिकामी खोकी कोणी टाकत नसे, जुन्या काचा नव्या खोक्यात जात.

काच तिरक्या उजेडात धरली की गालाखाली, डोळ्यांभोवती बारीक पेन्सिलीच्या रेघा चमकतील. ते रिटचिंग. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटवर तिथे उजळ येतं, म्हणून सुरकुत्या आणि देवीचे व्रण असे काढून टाकत. तांबडा रंग फासलेला दिसला तर तो मागचा भाग पांढरा करण्यासाठी. हे डाग समजून पुसू नका. शेसव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी दिव्याशी बसून केलेलं हाताचं काम आहे ते, आणि एकदा पुसलं की परत येत नाही.

पेटीतल्या पितळी भिंगाबद्दल थोडक्यात. त्यावर निर्मात्याचं नाव आणि नंबर कोरलेला असेल तर दोन्ही लिहून घ्या. डालमायर, रॉस, फोइग्टलेंडर अशांपैकी नाव असलं तर नंबरावरून काळाचा बराच अंदाज लागतो. पोर्ट्रेटसाठी सगळीकडे चाले तो पेट्झवालचा १८४० चा आराखडा, लांबट नळी आणि दोन टोकांना भिंगांच्या दोन जोड्या. त्याने चेहरा धारदार येतो आणि कडा विरघळतात. नळीच्या माथ्यावर अरुंद खाच असली तर तिच्यातून भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या घालून उजेड कमी करत. ती पद्धत १८५८ ची, पण जुन्या भिंगांना नंतरही खाच पाडून घेत. खाच अजिबात नसली तर ते भिंग फोटोचं नसून मॅजिक लँटर्नचंही (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याचंही) असू शकतं, कारण त्यातही पेट्झवालचाच आराखडा वापरत. आणि भिंग घरात सापडलं म्हणून फोटो त्याच भिंगाने काढला असं होत नाही. घरात भिंग, काचा आणि रसायनं तिन्ही आहेत यावरून मला वेगळीच शंका येते. तुमच्या घरात पुढच्या पिढीत कोणीतरी स्वतः फोटो काढत असावं. तसं असेल तर सोप्यातला मोठा फोटो आणि बाकीच्या काचांवरचे अनोळखी चेहरे यांचा उलगडा त्याच माणसापाशी होईल. घरातल्या वयस्कर बायकांना विचारा. कोण कॅमेऱ्यामागच्या काळ्या कपड्यात डोकं घालायचं हे त्यांच्या लक्षात असतं.

सोप्यातला मोठा फोटो बहुधा ब्रोमाइड कागदावरचं एन्लार्जमेंट आहे, वरून कोळशाने किंवा जलरंगाने काम केलेलं. डोळे आणि मिशा चित्रकाराने काढलेल्या असतील. असे मोठे फोटो आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतांशी विसाव्या शतकात. म्हणजे आत्ताच्या माहितीवर माझा अंदाज असा: मूळ बैठक बहुधा १८६६ ते १८८२ च्या दरम्यान कधीतरी, हातातलं कार्ड १८८० च्या आसपासचं किंवा नंतरचं, भिंतीवरचा फोटो त्याहून बराच नंतरचा. कार्ड अल्ब्युमिन निघालं आणि चिरा कागदातच निघाल्या, तर पहिल्या दोन तारखा एक होतील आणि बैठक सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे सरकेल. नक्कल निघाली तर दरबाराची आठवण बळकट होईल.

साफ करण्याबद्दल माझं मत ठाम आहे, काहीही करू नका. ओला कापूस नको, स्पिरिट नको, काच पुसायचा स्प्रे तर मुळीच नको. कोलोडियनचं वॉर्निश अल्कोहोलने विरघळतं आणि चेहरा कापसावर येतो. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, फुटलेली काच फेविकॉलने जोडू नका. मऊ, कोऱ्या ब्रशने पुठ्ठ्यावरची धूळ झटकणं एवढंच घरी करावं, आणि तेही थर सुटत नसेल तरच. काचा एकीवर एक आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. प्रत्येक काच साध्या, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवा, कडेला पुठ्ठ्याचा आधार द्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्या पावसाळ्यात घातक, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. डांबराच्या गोळ्याही नकोत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही टाळा. भिंतीवरचा फोटो काचेला चिकटला असेल तर फ्रेम उघडूच नका, तशीच उतरवून जाणकाराकडे न्या.

नोंदी शोधायच्या तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दरबारच्या नेमणुका बघा. पूर्वजांचा हुद्दा आणि वर्षं तिथे सापडली तर माझ्या सगळ्या अंदाजांपेक्षा ती भक्कम. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथल्या जुन्या अंकांत स्टुडिओच्या जाहिराती मिळतात का ते विचारा. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातले फोटो तुमच्या फोटोतली खुर्ची आणि पडदा डोक्यात ठेवून सावकाश बघा.

मला पुढे सांगता यावं म्हणून एवढं पाठवा: कार्डाची पाठ, चारही कडा, तिरक्या उजेडात काढलेला चेहऱ्याचा जवळचा फोटो, प्रत्येक काचेचे दोन फोटो (एक काळ्या कापडावर, एक पांढऱ्या उजेडासमोर) आणि भिंगावरचा नंबर. फ्लॅश वापरू नका. घर उतरवायचं काम सुरू व्हायच्या आधी पेटी तिथून हलवा, आणि माळ्यावर राहिलेले कागद, रिकामी खोकी, फुटक्या काचांचे तुकडे गड्यांना टाकायला सांगू नका, तेही पेटीबरोबरच ठेवा.